लवंगी का थांबली

मुरारच्या पलीकडे, जयसिंहरावांच्या शेतात, बर्फ पडतो तो ट्रॅक्टरमधून.

डबऱ्याच्या भातगिरण्यांमधून तूस भरून दोन ट्रॉल्या येतात. माळाच्या कडेने आखलेल्या लांबलचक पट्टीवर ते वीतभर जाडीने पसरायचं, वर पाण्याचा हलका शिडकावा मारायचा, की झालं. अंगाला घामाच्या धारा लागलेल्या असतानाच ग्वाल्हेरात हिवाळा तयार! पहिल्या वर्षी आसपासच्या लोकांनी कुंपणाशी उभं राहून पोटभर हसून घेतलं. दुसऱ्या वर्षी ते घरून खुर्च्या घेऊन आले.

खेळच तसा होता. पुढे घोडी, घोडीवर स्वार, खोगिराला बांधलेला लांब दोर, आणि दोराचं टोक मुठीत धरून, पायांत स्की बांधून, गुडघे वाकवून मागे घसरत जाणारा दुसरा गडी. वाटेत खांबांना कड्या टांगलेल्या. घोडी चौखूर उधळलेली असताना त्या कड्या हातात ओवून घ्यायच्या. खरी शर्यत फेब्रुवारीत, वर पहाडात, खऱ्या बर्फावर. पण घोडीला दोराची आणि माणसाला घोडीची सवय तिथे जाऊन लागत नाही. ती घरीच लावावी लागते.

जयसिंहराव घोडदळातून रिसालदार म्हणून निवृत्त झालेले. उमेदीची वर्षं भरधाव घोड्यावरून भाल्याने जमिनीतल्या मेखा उपटण्यात गेली. मुलीने, गरिमाने, या खेळाचं नाव काढलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "कड्या उचलायच्या असतात?" आणि मग मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "मग हा आपलाच खेळ की! फक्त भाला विसरलाय आणि गडी घोड्यावरून खाली पडलाय."

तर घोडीवर गरिमा, आणि तो खाली पडलेला गडी म्हणजे त्यांची सून, सोनिका.

सोनिका ही पाटणकर बाजारातल्या रमाकांत वकिलांची मुलगी. माहेरच्या सात पिढ्यांत कुणी घोड्याच्या शेपटीला हात लावलेला नव्हता. कॉलेजात एनसीसीतून पहाडात गेली, स्की शिकली, तिथेच गरिमाशी गट्टी जमली, आणि मैत्रिणीच्या घरी घोडी बघायला म्हणून आली ती तिच्या भावाची, समरजीतची बायको होऊन राहिली. गरिमा वडीलधाऱ्यांसमोर तिला वहिनी म्हणायची, बाकी वेळी सोनी. समरजीत नोकरीसाठी आठवडाभर भोपाळला असे, पण सोनिकाला या घरात एकटं कधी वाटलं नाही. घरात गरिमा होती, तबेल्यात लवंगी होती.

लवंगी लहानखुरी, तांबूस, नावासारखीच तिखट. अडीच वर्षांपूर्वी तिघींनी मिळून शर्यतीत तिसरा नंबर काढला होता. दुसरा यायचा, पण शेवटची रेषा ओलांडल्यावर ठराविक अंतरात घोडा थांबला पाहिजे असा नियम होता, आणि लवंगीला धावणं शिकवावं लागलं नव्हतं, थांबणं कुणाला शिकवता आलं नव्हतं. ती सरळ गवताच्या गठ्ठ्यांत घुसली. पाठोपाठ सोनिकाही. दंडाचे दोन सेकंद वाढले आणि दुसरा नंबर गेला.

पुढचा मोसम संग्रामसिंह पोटात होता म्हणून गेला, आणि त्यानंतरचा सोनिकाने त्याला पोटाशी धरून, फोनवर दुसऱ्यांच्या शर्यती बघत काढला.

संग्रामसिंह! नाव केवढं, आणि मूर्ती टोपलीत मावेल एवढी. घरात तो संगू. आता सव्वा वर्षाचा झाला होता. चांदीचे घुंगरांचे वाळे छुमछुम वाजवत सगळं घर दणाणून सोडत होता, आणि पडला की आधी इकडेतिकडे कोण बघतंय ते पाहून मगच रडत होता.

सोनिकाने जून महिन्यापासूनच तयारी धरली होती, पण चोरून. संगू झोपला की जिन्याच्या पायऱ्या चढ-उतर. संगू जागा असला की त्यालाच कडेवर घेऊन उठाबशा. तो बिचारा हा खेळ समजून खिदळायचा. पहिल्यांदा स्कीचे बूट काढले तेव्हा ते पायांत जाईनात. बाळंतपणात पाऊल अर्ध्या नंबराने वाढलं होतं. कुणाला सांगायची सोय नाही. तिने आतलं अस्तर काढून टाकलं आणि बोटं आखडून घालायला लागली.

खरं म्हणजे चावत होतं ते वेगळंच. पहाडात जायचं म्हणजे आठ दिवस. आठ दिवस संगूशिवाय. नुसत्या विचाराने तिचा पदर ओला व्हायचा. आणि न जाण्याचा विचार केला की छातीवर कुणीतरी दगड ठेवल्यासारखं व्हायचं. तिला दोन्ही हवं होतं. दोन्ही हवं म्हणणाऱ्या बाईला लोक हावरट म्हणतात, म्हणून ती काहीच म्हणत नव्हती.

नवरात्र बसलं त्या दिवशी जयसिंहराव एका मुलीला घेऊन आले. नया बाजारातली मधु. शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात शिकणारी, बावीस वर्षांची, पाय वेतासारखे.

"ही स्की शिकून आलीय," त्यांनी सांगितलं. "राखीव म्हणून असू द्या."

"नमस्ते दीदी," मधु म्हणाली. "आपण बिल्कुल टेन्शन नका घेऊ हां. मी तर फक्त बर्फ बघायला येतेय. शिकले ना, ते पण चाकांच्या स्कीवर. सच में बर्फ बघितलाच नाही कधी."

मुलगी गोड होती, हेच वाईट होतं. रागावता येईना.

रात्री जेवताना जयसिंहराव ताटाकडे बघत म्हणाले, "सूनबाई, दसऱ्याला पूजा झाली की दोघींनी एकेकदा धावायचं. जी चांगली धावेल तिचं नाव संध्याकाळी पाठवायचं. घरचं आणि बाहेरचं असं तुसावर नसतं."

"बरोबर आहे, आबासाहेब," सोनिका म्हणाली.

"काय बरोबर आहे?" शांताताई, तिच्या सासूबाई, वाढता वाढता थांबल्या. "दूधपितं लेकरू टाकून ही जाणार कुठे? आणि तुम्ही आधी मला सांगा, डब्यातली गजक परत कुठे गेली?"

जयसिंहराव वरणात बुडाले.

हा गजकेचा, म्हणजे तीळगुळाच्या खुसखुशीत वड्यांचा, मामला दोन महिने चालला होता. डॉक्टरांनी जयसिंहरावांचं गोड बंद केलेलं. तरी दर चार दिवसांनी डबा रिकामा व्हायचा. त्यांचं एकच ठरलेलं. सकाळी सहाला संगूला उचलायचं, "उन्हाला नेतो" म्हणायचं आणि तबेल्याकडे जायचं. येताना नातवाच्या गालाला तीळ आणि आजोबांच्या खिशात चुरा.

"या वयात चोरून खाताय," शांताताई म्हणायच्या. "शोभतं का रिसालदारांना?"

"चुकलं," ते म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी परत न्यायचे.

दसऱ्याला सकाळीच तबेल्यासमोर सडा पडला. लवंगीला न्हाऊ घालून, खरारा करून, गळ्यात झेंडूची माळ घातली. कपाळाला हळदकुंकू. शांताताईंनी औक्षण केलं तेव्हा लवंगीने निरांजनाकडे न बघता माळेतलं एक फूल खाऊन टाकलं. सगळे हसले. सोनिका हसली नाही. तिने संगूला आंघोळ घातली, त्याचे वाळे काढून जाकिटाच्या खिशात टाकले, त्याला नवं अंगडं चढवलं, पाजलं, सासूबाईंच्या कडेवर दिलं, आणि बोटं आखडून बूट घातले.

जयसिंहराव शिट्टी आणि स्टॉपवॉच घेऊन शेवटच्या खांबापाशी उभे राहिले. खुर्च्यावाले कुंपणाशी आलेच होते.

आधी मधु. गरिमाने टाच मारली, लवंगी निघाली, तूस दोन्ही बाजूंनी कारंज्यासारखं उडालं. पोरगी खरोखर छान धावली. पाचातल्या चार कड्या हातात. शेवटी लवंगी सवयीप्रमाणे खांब ओलांडून बाभळीच्या कुंपणापर्यंत गेली आणि गरिमाला तिला वळवून आणावं लागलं.

"चोवीस सेकंद," जयसिंहराव ओरडले. "शाबास!"

आता सोनिका. तिने दोर मुठीला गुंडाळला, गुडघे वाकवले.

"चल सोनी," गरिमा मागे न बघता म्हणाली. "दाखव त्यांना."

लवंगीने झेप घेतली. एक, दोन, तीन... दहाव्या टापेला ती थांबली. अशी थांबली की जणू पुतळा. दोर सैल पडला आणि सोनिका तुसात तोंडघशी.

कुंपणाशी खसखस पिकली.

"पाय अडकला असेल तिचा," गरिमा म्हणाली. "परत."

परत. या वेळी आठव्या टापेला. लवंगीने कान मागे वळवले, मान खाली घातली आणि चारही पाय रोवले. गरिमाने टाच मारली, चुचकारलं, शेवटी हिंदीत चार शिव्या हासडल्या. घोडी हलेना.

"अरे, वजन बढ़ गया है बहूरानी का," कुंपणाशी कुणीतरी म्हणालं. "घोडीला सगळं कळतं."

सोनिका तुसात बसून राहिली. केसांत, कानांत, पापण्यांवर तूस. ज्या घोडीला तिने बाळंतपणाच्या आदल्या दिवसापर्यंत स्वतःच्या हाताने चारा घातला होता, त्या घोडीने परक्या मुलीला नेलं आणि तिला टाकलं. माणसांचं सोसता येतं. माणसं खोटंही बोलतात. घोडी कशाला खोटं बोलेल?

मधु धावत आली, तिला हात दिला. "दीदी, मी जरा जास्तच झटका दिला का घोडीला? थकली असेल ती. माझीच गलती."

"नाही गं," सोनिका म्हणाली. "तुझी कसली?"

ती लंगडत बाभळीच्या सावलीत जाऊन बसली. शांताताई संगूला घेऊन आल्या. स्वतःच्या पदराने तिच्या कानातलं तूस काढलं, दंडावर जरा थोपटलं आणि लेकरू मांडीवर दिलं. दूधपित्या लेकराच्या नावाने नऊ दिवस पहाडाविरुद्ध बोललेली बाई आज गप्प होती. सोनिकाला तेच जास्त लागलं.

संगूने तिच्या जाकिटाची साखळी ओढली. काहीतरी द्यायचं म्हणून तिने खिशात हात घातला आणि वाळे काढले. "ये राजा, पाय दे." एक वाळा घातला. संगूने आनंदाने पाय झाडला. छुम्.

तिकडे गरिमा लवंगीला दम खायला म्हणून सावकाश फिरवत होती.

"घ्या!" गरिमा तिकडून ओरडली. "ही परत थांबली! आता तर मागे कुणी नाही!"

संगूने पाय झाडला. छुम् छुम्. गरिमाने टाच मारली. लवंगी पुतळा.

सोनिकाने संगूचं पाऊल मुठीत धरलं. घुंगरं गप्प झाली. क्षणभराने लवंगीने मान हलवली आणि चालू लागली.

सोनिकाने मूठ सोडली. छुम्. थांबली.

मूठ. चालली.

"आबासाहेब," सोनिका हळूच म्हणाली.

जयसिंहराव स्टॉपवॉचकडे असं बघत होते जसं काही त्यात बातम्या लागल्या होत्या.

"अहो," शांताताई म्हणाल्या. तो 'अहो' ऐकून कुंपणावाल्यांनीसुद्धा खुर्च्या जरा मागे सरकवल्या.

"त्याचं असं झालं," जयसिंहराव म्हणाले. खाकरले. "श्रावणातली गोष्ट. मी जरा खोगिराचा तंग कसत होतो. एवढंसं वळलो, तर हा पठ्ठ्या रांगत घोडीच्या मागच्या पायांत."

"काय?"

"काही झालं नाही! लवंगीने पाय उचललासुद्धा नाही. पण माझं काळीज जागेवर राहिलं नाही. मग विचार केला, पोर काही तबेला सोडायचं नाही, आणि मी काही पोर सोडायचो नाही. तेव्हा घोडीलाच शिकवावं. वाळे वाजले की जिथे असशील तिथे उभी राहा. उभी राहिलीस की गजक."

"गजक," शांताताई म्हणाल्या.

"दोन महिने रोज. आधी उभ्याने, मग चालताना, मग दुडक्या चालीत. आता झोपेत वाजलं तरी झोपेतच थांबेल ती."

"म्हणजे ती गजक घोडी खात होती. आणि मी तुम्हाला दोन महिने चोर म्हणतेय."

"थोडी संगूनेही खाल्ली."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही पोर तबेल्यात पाठवलं असतंत का?" जयसिंहराव म्हणाले. आयुष्यभर तोंडातून हुकूमच निघालेला माणूस, पण आवाज एकदम बारीक झाला होता. "त्यापेक्षा चोर म्हणवून घेतलेलं परवडलं."

शांताताईंचं हसू कुठून कसं फुटलं ते त्यांनाच कळलं नाही. तोंडावर पदर धरून त्या हसत सुटल्या. संगूला वाटलं खेळ चाललाय. त्याने टाळ्या वाजवल्या, पाय आपटले, आणि लवंगी पुन्हा गजकेची वाट बघत ताटकळली.

सोनिका मात्र उठली होती. तिने दुसरा वाळाही संगूच्या पायात घातला, खिसे उलटे करून झटकले आणि बुटाचे बंद आवळले. बोटं दुखत होती. दुखू देत. घोडीने तिला टाकलं नव्हतं. घोडीला वाटलं होतं, पाठीमागे संगू आहे.

"गरिमा, एकदा शेवटचं."

"आबासाहेब, चालेल ना?" गरिमाने विचारलं.

"चालेल काय? चूक माझी, ती धाव मोजायचीच नाही," जयसिंहराव म्हणाले. "अहो, तुम्ही नातवाला घेऊन लांब जा. तिकडे, खांबाच्या पलीकडे. आणि त्याचे पाय धरून ठेवा."

शिट्टी झाली. लवंगी निघाली आणि सोनिकाला दोन वर्षांनी ती ओढ खांद्यांतून, पाठीतून, टाचांपर्यंत जाणवली. पहिली कडी हातात आली. दुसरी. तिसरीपाशी पट्टी जरा वळते, तिथे तिची डावी स्की घसरली. सव्वा वर्ष एका कडेवर पोर पेलून पेलून त्या बाजूची कंबर अशी काही घट्ट झाली होती की ती पडलीच नाही, आणि तिसरीही हातात आली. चौथी. पाचवी कडी तिच्या बोटांना लागून गोल फिरली, निसटतेय असं वाटलं, आणि अंगठ्यावरून आत सरकली.

खांब मागे गेला. समोर बाभळीचं कुंपण. लवंगी थांबायचं नाव घेईना. ती काय, कधीच घेत नसे. "हो! हो!" गरिमा लगाम खेचत होती. सोनिका दोर सोडायच्या बेतात होती.

पुढे उजव्या हाताला शांताताई नातवाचे दोन्ही पाय मुठीत धरून उभ्या होत्या. सासूबाईंनी समोरून येणारी घोडी पाहिली, मागून येणारी सून पाहिली, दोघींच्या पुढचं काटेरी कुंपण पाहिलं. आणि मुठी उघडल्या.

संगूला आई दिसली होती. त्याने दोन्ही पाय असे झाडले की सगळा माळ छुमछुमला.

लवंगीचा वेग मोडला. दुडकी, मग चाल, मग पुतळा. कुंपण चांगलं वीस पावलं लांब होतं. सोनिका घसरत घसरत तिच्या बाजूला येऊन अलगद टेकली. लवंगीने मान वळवून तिच्याकडे बघितलं. गजक?

"तेवीस," जयसिंहराव धापा टाकत आले. "आणि पाच कड्या. आणि थांबली! सूनबाई, घोडी थांबली! दोन सेकंदांचा दंड नाही!"

"दीदी, क्या बात है!" मधुने तिला मिठीच मारली. मग जरा चाचरत विचारलं, "आता मी नाही ना येणार?"

"येणार तर," सोनिका म्हणाली. "राखीव नको का? आणि तुला बर्फ बघायचाय."

संध्याकाळी सोनं वाटून झालं. येणाऱ्याजाणाऱ्यांना शमीची पानं देऊन सगळ्यांचे हात हिरवे झाले होते. जयसिंहराव चष्मा लावून अर्ज भरायला बसले. स्वार, गरिमा. स्की, सोनिका. राखीव, मधु. घोडी, लवंगी. मग पेन थांबलं. खाली एक ओळ उरली होती. सहायक.

"शेवटच्या रेषेपाशी कुणीतरी लागेल," ते कागदाकडे बघत म्हणाले. "वाळे वाजवायला."

वाळे हातात घेऊन कुणालाही वाजवता आले असते. मधुला आले असते, त्यांना स्वतःला आले असते, खिशात टाकून नुसत्या उड्या मारल्या असत्या तरी चाललं असतं. सकाळी सगळ्यांनी बघितलंच होतं. सोनिकाने तोंड उघडलं, मिटलं, आणि मांडीवर पेंगणाऱ्या संगूच्या केसांतलं तुसाचं एक फोलपट काढत बसली.

"हातात धरून वाजवलेलं घोडीला कळतं," शांताताई म्हणाल्या. अगदी ठाम. घोड्यांबद्दल त्या पन्नास वर्षांत पहिल्यांदाच काही बोलत होत्या. "पायातलंच लागतं."

"असं?" जयसिंहराव म्हणाले.

"असंच. आणि पोराला सांभाळायला मी लागेन. तिकडे थंडी किती असते हो? उद्या नया बाजारात जाऊन लोकर आणा. चांगली जाड. त्याला पायमोजे विणते, पण वाळे वरून बसतील असे."

जयसिंहरावांनी मान खाली घातली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: सहायक, संग्रामसिंह.

"वय?" त्यांनी विचारलं.

"फेब्रुवारीत पावणेदोन होईल का गं?" गरिमा म्हणाली.

"एकोणीस महिने," सोनिका म्हणाली, आणि संगूला गरिमाकडे देऊन, सुजलेली बोटं कुणाला दिसू नयेत म्हणून सकाळपासून तसेच ठेवलेले ते बूट तिने दारामागे जाऊन एकदाचे पायांतून काढले.